कोमट

शमिका रडून रडून लालबुंद झाली होती आणि गुणाजीच्या हातातलं दुधाचं पाकीट दगडासारखं घट्ट होतं.

शेवटचं पाकीट. फ्रीजरच्या खणात आता बर्फाच्या साच्याशिवाय काही उरलं नव्हतं. सून मनिषा कोळंबीच्या कंपनीत पॅकिंगला. तिथं कोळंबी जशी चपटी भरून, वर तारीख टाकून गोठवतात, तसंच तिनं स्वतःचं दूध पाकिटांत भरून ठेवलेलं. चार महिन्यांची पोर घरी टाकून कोण बाई हौसेनं कामाला जाते? कंत्राटदाराच्या कागदावर बाळंतपणाची रजा नव्हती, एवढंच. मोबाइल गेटवर जमा. ती सुटणार सहाला, आणि आत्ता दुपारचे सव्वादोन.

रोज हे काम गुणाजीची बायको बकुळा करायची. आज ती मासळी घेऊन पालीच्या बाजाराला गेली आणि परतताना हातखंब्याजवळ टेम्पो बंद पडला. फोनवर तिनं भराभरा सांगितलं, "मनिषानं बजावलंय, गॅसवर ठेवू नका. कोमट पाण्यात पाकीट सोडा. पाजायच्या आधी मनगटावर थेंब टाकून बघा." मग जरा थांबून, "दुसरं कोण नाय काय घरात?"

दुसरं कोण असणार? मुलगा सर्वेश बोटीवर. आणि हा सासरा कसला, तर सुनेचा गाऊन वाऱ्यानं दोरीवरून खाली पडला तर उचलायला बायकोला हाक मारणारा. त्याच सुनेचं दूध घेऊन तो मोरीपाशी उभा होता, आणि ते वितळत नव्हतं. पातेल्यात कोपरे तेवढे सुटले. मधला गड्डा तसाच.

रडणं ऐकून शेजारची येसूबाई आली. पोरीला झोळीतून उचलून तिनं खांद्यावर टाकलं.

"भावजी, टोपात ओता नि एक उकळी काढा. कच्चा दूध कोण पाजतो काय पोराला?"

"मनिषानं नको म्हणून सांगितलाय."

"ती काल आली. आमी काय पोरां वाढवली नाय?"

तिच्या लेखी तिचं बरोबर होतं. जन्मभर दूध म्हणजे आधी उकळायचं. आईच्या अंगातून येतं ते काय उकळून येतं, हे तिला विचारणार कोण.

गुणाजीनं गॅस पेटवला नाही. पण पोरीचा आवाज बसला, हुंदका मधेच तुटायला लागला, तेव्हा त्यालाही धीर निघेना. मागच्या चुलीवरच्या हंड्यातलं कढत पाणी त्यानं तांब्याभर आणून पातेल्यात ओतलं. मग अजून एक तांब्या. गड्डा सुटला. पाकीट हलकेच गोल फिरवून त्यानं दूध धुतलेल्या वाटीत काढलं आणि मनगटावर थेंब टाकला.

काही कळलं नाही.

परत टाकला. थेंब ओघळून कोपरापर्यंत गेला, तरी गरम की गार ते समजेना. चाळीस वर्षं जाळ्याचा दोर ह्याच मनगटाला गुंडाळून ओढलेला. तिथली कातडी कधीच मेली होती. दुसऱ्या हाताची गत तीच.

"येसूबाय, तुझा हात आण बघू."

तिनं थेंब घेतला. "माका काय लागत नाय. सगळो जन्म बर्फात हात घालून मासळी विकलंय. पाजा आता, पोरीच्या घशाला कोरड पडली."

त्यानं चमचा भरला. पोरीनं तोंड उघडलं, आतली जीभ थरथरत होती, गुलाबी, कोवळी. चमचा तिच्या ओठापासून बोटभर लांब असताना गुणाजीचा हात थांबला. तो चमचा त्यानं बाजूला ठेवला. फळीवरचा दुसरा घेतला, वाटीत बुडवला आणि स्वतःच्या तोंडाकडे नेला.

"सुनेचा दूध तोंडात घेताव?" येसूबाई दोन पावलं मागं सरली. "भावजी, लाज हाय काय?"

"मग लाज पाजू हिला?"

ओठ चरकन भाजला.

हे पोरीच्या जिभेवर पडलं असतं. त्यानं वाटी गार पाण्यात धरली. थोड्या वेळानं चमचा पुन्हा ओठाला लावला. अजून गरम. पुन्हा धरली, पुन्हा लावला. चौथ्या खेपेला ते पोरीच्या अंगाइतकं उबदार लागलं. तेव्हा कुठं त्यानं तिला मांडीवर घेतलं आणि दुधाचा पहिला चमचा तिच्या तोंडात गेला. रडणं मधल्यामधे थांबलं. घोटाचा आवाज आला. मग दुसऱ्या घोटाचा.

येसूबाई कधी गेली ते त्याला कळलं नाही. वाडीभर सांगायला गेली असणार. जाऊ दे.

चारच्या चहाला मनिषानं गेटवर येऊन फोन लावला. ती धावत आली असावी, धापा टाकत होती.

"बाबा, आईंचा फोन लागत नाही. शमिकाला दूध कोणी पाजलं?"

"मी."

"कोमट होतं ना?"

"हां. कोमट करून दिलंय. झोपली आता." आणि मग, तिचा धीर वाढवायला म्हणून, "गोड हाय गो बाय."

बोलून गेल्यावर त्याला समजलं आपण काय बोललो ते. कानशिलं तापली. फोन ठेवून द्यावा, तर तोही ठेवता येईना. पलीकडं मशिनची घरघर, कोणा सुपरवायझरची हाक.

मग ती म्हणाली, "तुमचं तोंड भाजलं नाही ना, बाबा?"

"नाय," गुणाजी म्हणाला, आणि झोपलेल्या पोरीची गार मूठ उचलून त्यानं सुजलेल्या ओठावर ठेवली.