बॉयलररूमचं दार

माझा थोरला भाऊ अंगद ज्या क्रूझर युद्धनौकेवर होता, ती नेव्हीनं मोडीत काढली आणि तिचं भंगार जालन्यात मी जिथं कामाला आहे त्याच भट्टीवर आलं. ती समुद्रावर असताना बॉयलररूमला आग लागली, तेव्हा जहाज वाचवायला अ‍ॅडमिरलसाहेबांनी दार बंद करायला लावलं. अंगद आत राहिला. नंतर साहेब स्वतः आमच्या गावी, अंतरवालीला येऊन आईला म्हणाले, “दार लावायच्या आधीच तो गेला होता.” परवा भंगारात बाहेरून ‘बॉयलररूम’ लिहिलेलं तेच दार सापडलं. आतून पान्यानं ठोकल्याचे पोचेच पोचे होते. आई बघायला येण्याआधी मी ती बाजू जमिनीकडं केली. तिनं वरच्या पत्र्यावर हळदकुंकू वाहिलं, हात फिरवला. “जित्ता असता तर त्यानं दार ठोकलं असतं. साहेब खरं बोलल्ते.” “हो,” मी म्हणालो. तेवढ्यात क्रेनच्या चुंबकानं दार उंच उचललं. आई खालून बघतच उभी राहिली.