टकलूबाईचा दादा

"हलू नकोस रे!" मी दादाची मान धरली. केसगळतीचं औषध टाळूवर मीच सोडते; ती जागा त्याला आरशात दिसत नाही ना!

"अगं, याने तर आणखीच गळतायत. संपलो मी!"

"सुरुवातीला जास्तच गळतात, घाबरू नका," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा हा मोबाइलमध्ये होता. मी मात्र ऐकलं होतं.

टायफॉइडने माझे केस गेले, तेव्हा यानेच गॅलरीतून ओरडून मला अख्ख्या सोसायटीची टकलूबाई केलं होतं.

"डॉक्टर काय म्हणाले ते सांगते. आधी गॅलरीत जाऊन ओरड, 'टकलू मी आहे!'"

बिचारा ओरडला. समोरच्या काकूंनी विचारलं, "काय रे?"

मी बाटलीचं झाकण लावलं. "परत सांग, दादा. काकूंना ऐकू आलं नाही."