गळकं कोठार

लायल ट्रेलोरच्या मांडीतून सकाळी काढलेला स्नायूचा तुकडा दुपारीही जिवंत होता. काचेच्या नळीतल्या कोमट पाण्यात तो टांगला होता. दर पाच सेकंदांनी विजेचा हलका झटका बसायचा, तो आखडायचा आणि सुटायचा.

देस्पिना आठ वर्षं मेलबर्नमध्ये हीच तपासणी करत होती. रुग्णाला प्रयोगशाळेत आणायचं नसतं, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण दूरच्या गिप्सलँड भागातला हा गाईवाला बधिर पाय घेऊन, चाकाच्या खुर्चीत दारातच ठाण मांडून बसला. हटेचना.

"बघितल्याशिवाय जायचा नाही मी, पोरी," तो म्हणाला. "माझ्या पोराचं, कोरिनचं, मनगट तेवढं मोडलं होतं. फुटबॉल खेळताना. ते जोडायला भूल दिली, आणि पोरगं तापून, ताठ होऊन गेलं. नंतर त्याची मूठ मला उघडता आली नाही. आत काहीतरी धरलंय असं अजून वाटतं मला."

देस्पिनाच्या अंगावर काटा आला. ती घाईघाईने कामाचं बोलली. "भूल न सोसण्याचा हा दोष आईकडून येतो, नाहीतर वडिलांकडून. स्नायूत कॅल्शियमचं कोठार असतं..."

"कॅल्शियम? अगं, व्यायलेली गाय बसली की मी कॅल्शियमचीच बाटली चढवतो. उठून चालायला लागते!"

"इथं ते कोठारच गळकं असतं. भूल मिळाली की धो धो गळतं. ते रिकामं व्हायला लागलं की भरपाईला स्नायूची बाहेरची दारं उघडतात. आत येतं तेही गळतं. मग स्नायू सुटतच नाही."

"म्हणजे वाचवायला धावतात आणि त्यातच जीव घेतात."

तिने मान हलवली आणि कॅफीनची बारीक नळी उचलली. गळकं कोठार कॅफीननेही भुलीसारखंच गळतं.

"माझंच निघू दे," लायल पुटपुटला.

"अहो, असं काय बोलता!"

"भुलीच्या संमतीच्या कागदावर सही नेरिडाची आहे. वर्षभर बायको स्वतःला खातेय. त्यात हेही तिचंच निघालं तर ती राहायची नाही गं."

देस्पिनाने थेंब सोडला. एवढ्याशाने निरोगी स्नायू आवळून राहत नाही. स्नायूचा ताण दाखवणारी पडद्यावरची रेघ वर चढली, चढतच गेली, आणि खाली यायचं नाव घेईना. तुकडा घट्ट आवळला होता. असं तिने कितीदा पाहिलं होतं, पण आज तिला तिथं मूठच दिसत होती. तिला भीती वाटली, आणि भीतीची लाजही वाटली.

"सुटेल?" त्याने विचारलं.

"आपोआप नाही. औषध आहे. वेळेत कळलं तर."

त्याने फोन लावला. पलीकडचा आवाज देस्पिनालाही ऐकू येत होता.

"नेरिडा, माझं निघालं. माझ्याकडूनच गेलं ते. उद्या येऊ नकोस, तुझी मांडी कापायची गरज नाही."

"लायल," ती म्हणाली, "स्वतःवरचा एवढा सगळा राग मी आता कुठं नेऊ?"

"माझ्यावर काढ," तो म्हणाला. "सकाळच्या धारेला पोचतो मी."