रेकॉर्डर बाबांच्या मांडीवर

आमचा दादा म्हणजे दीडशहाणा. ‘वडीलधाऱ्यांचं ऐका’ या विषयावरचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत पाठवला, तर एका कंपनीत त्याला व्याख्यानांचं काम मिळणार होतं. “कॅमेऱ्यातला आवाज म्हणजे कचरा,” असं म्हणून त्याने तो बंदच केला. स्वतःच्या शर्टाला माइक लावला, त्याचा वेगळा रेकॉर्डर चालू करून बाबांच्या मांडीवर ठेवला आणि नंतर आवाज चित्राशी जुळवता यावा म्हणून त्यांना एक टाळी वाजवायला लावली.

पंखा बंद, खिडक्या बंद, आम्ही घामाघूम आणि याचं प्रवचन सुरू. मध्येच बाबांनी हात वर केला, तर याने डोळे वटारले. थोड्या वेळाने ते “अरे, हे बघ...” म्हणाले, तर हा खेकसला, “तुम्हाला यातलं काय कळतं? गप्प बसा, तुमचा आवाज येतो मध्ये!”

बाबा शेवटपर्यंत गप्प बसले.

संध्याकाळी रेकॉर्डर ऐकला. बाबांची टाळी, दादाची दोन वाक्यं, पुढे काहीच नाही. सेल संपले होते.

 

दादा बाबांवर ओरडला, “मशीन बंद पडलं तेव्हा तोंड शिवलं होतं का तुमचं?”