जोडचिंचेखालची जागा

आगगाडीने बैलांवरचा व्यापार बुडवला आणि तांडा एका जागी स्थिरावला, पण वाटेत पुरलेली माणसं वाटेवरच राहिली. म्हातारा नेमसिंग पणजीला पुरलेली जागा शोधायला निघाला. वंशावळ गाणाऱ्या ढाडीच्या गाण्यात साखऱ्याच्या शिवारातली जोडचिंच एवढीच खूण होती. पोचला, तर चिंच कधीच तोडलेली. “तांडेवाल्यांचं कुठलं आलं घर आन् कुठली समाधी!” त्याने येण्याचं कारण सांगताच त्या शेतात नांगर धरलेले उकंडराव हसले. नेमसिंग वळला आणि थबकला. सरळ चाललेली नांगराची तासं एका हिरव्या तुकड्याभोवती वाकली होती. “मालक, एवढी जागा काहून सोडली?” “चिंच व्हती तिथं. आजा बजावून गेला, झाड गेलं तरी इथून बैल वळवायचे. काहून ते...” उकंडराव मधेच थांबले. नेमसिंगने पागोटं नीट केलं, हिरवळीवर भाकरीचं गाठोडं सोडलं आणि ताठ मानेने बोलावलं, “बैल सोडा, मालक. आज आमच्या घरी जेवा.”