जांभळी किनार

सकाळी भिंगकाकांच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली आणि दुपारी स्वारी आपल्या फोटो स्टुडिओत हजर! मोतीबिंदू काढलेला माणूस घरी गप्प पडेल तर शपथ.

"अहो बाबा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" सून कॉम्प्युटरपुढून उठलीच.

"डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणाले. फोटोबद्दल एक अक्षर बोलले नाहीत." काकांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. "बघ, या डोळ्यानं भिंत पांढरी, त्या डोळ्यानं पिवळी. इतकी वर्षं मी काय चहातून बघत होतो?"

सून हसली खरी, पण तिची नजर खुंटीवरच्या कॅमेऱ्याकडं गेली. काकांची ती लाडकी जुनी लेन्स! पाठीमागं लख्ख उजेड असला, की माणसाच्या केसांना, चष्म्याच्या काडीला, झाडाच्या फांदीला जांभळी किनार लावायची. काकांच्या पिवळ्या पडलेल्या डोळ्यांना तो जांभळा दिसतच नव्हता. "नवी लेन्स घ्या म्हणे! माझ्या भिंगाला कधी किनार आलीय?" हे गल्लीनं इतक्यांदा ऐकलं, की त्यांचं नावच भिंगकाका पडलं. आणि सून रोज कॉम्प्युटरवर एकेका डोक्याची किनार हलक्या हातानं काढून मगच फोटो छापायची. हात जरा जड पडला, की कुणाचा जांभळा सदराही फिका व्हायचा. नवरा एकदा म्हणाला होता, "सांगून टाक ना." ती म्हणाली, "मग तुम्हीच सांगा." त्यानंतर त्यानं विषय काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"परवाचा शाळेचा फोटो उघड, नव्या डोळ्यानं बघू दे," काका खुर्ची ओढत म्हणाले. "मूळचा."

"मूळचा कशाला? छापून तयार आहे की."

"मूळचा."

तिनं उघडला. मैदानात ओळीनं उभी मुलं, मागं पांढरंफेक आकाश, आणि प्रत्येक डोक्याभोवती जांभळा दोरा. काका पुढं वाकले. नवा डोळा झाकला, उघडला. मग टेबलावरचा छापील फोटो उचलून पडद्याशेजारी धरला. तो अगदी स्वच्छ होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सुनेला झालं.

"कधीपासून?"

"मी इथं बसायला लागले तेव्हापासून."

"म्हणजे मी गल्लीभर फुशारक्या मारत होतो, आणि तू मागून..." काकांनी छापील फोटो खाली ठेवला. "झाडू मारत होतीस."

"फोटो तुमचेच होते, बाबा! मुलं माझ्यापुढं हसतात होय? मी नुसत्या कडा पुसल्या."

खुंटीवरचा कॅमेरा काढून काकांनी पिशवीत घातला, चेन लावली. आता हे पुन्हा कॅमेऱ्याला हात लावत नाहीत, तिला वाटलं. मेला तो मोतीबिंदू राहिला असता तर काय बिघडलं असतं?

दाराशी काका थबकले. तिथं भिंतीवर तिचाच फोटो होता, ती या घरात आली त्या दिवशी त्यांनी काढलेला. खिडकीत उभी, केस उडालेले, आणि केसांभोवती ही जाड जांभळी किनार.

"हा राहून गेला वाटतं."

"राहिला नाही. ठेवलाय."

"का?"

"तो माझा आहे. तुम्ही काढलात तस्साच हवाय मला."

काका त्या फोटोकडं बघत राहिले. आधी जुन्या डोळ्यानं, मग नव्या. बराच वेळ. मग पिशवीची चेन उघडली.

"चल, उभी राहा खिडकीपाशी."

"आत्ता? केस बघा माझे!"

"विंचरायचे नाहीत. आणि डोळे पूस आधी. डोळ्याला पाणी मला चालत नाही, तुला चालतं, पण फोटोत दिसतं."

ती खिडकीत उभी राहिली. काकांनी कॅमेरा नव्या डोळ्याला लावला.

"मागून ऊन आहे हं, बाबा. किनार येईल."

"येऊ दे. मी फोटो काढतो, तू किनार काढ."

"काढेन की," सून म्हणाली. "ही सोडून."