तंबूत न्हाई, साडूकडं न्हाई

"तुम्ही तिकिटं विकत न्हाई, माणसं रांगेत सडवता! आन् मागच्या दारानं सगळी तिकिटं सग्यासोयऱ्यांच्या घशात घालता! लिही राधेश्याम, अस्संच लिही!"

जुन्या जालन्यातल्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात बसून धर्मराज फ्रान्सच्या साहेब लोकांना झापत होता. साहेब लोक म्हणजे तिथल्या चोवीस तासांच्या मोटार शर्यतीची तिकिटं विकणारं ऑफिस. सकाळपासून कॉम्प्युटरवर एक चकरी फिरत होती आणि नंबर काही लागत नव्हता.

दुकानवाल्या राधेश्यामनं टाइप केलं, 'महोदय, दोन तिकिटं मिळाल्यास फार उपकार होतील.'

"लिहिलं?"

"तुमच्यापेक्षा कडक लिहिलं, भाऊ."

आणि कुणीतरी परत केलेली दोन तिकिटं खरोखर मिळाली. धर्मराजनं मिशीवरून हात फिरवला. "बघ. दम दिल्याबिगर कोणतंच ऑफिस हालत न्हाई."

धर्मराज मूळचा तीर्थपुरीचा. एमआयडीसीतल्या सळ्या वाहणारे त्याचे टेम्पो होते. अंबडला पोचेस्तोवर त्यांच्या रेडिएटरात दोनदा पाणी ओतावं लागायचं. म्हणूनच असेल, रात्रंदिवस पळूनही न उकळणाऱ्या त्या गाड्यांवर त्याचा जीव जडला होता. दर जूनला मोबाइलवर शर्यत बघायचा. औंदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती.

"तिकिटाचं झालं," शेजारी बसलेली त्याची बायको वंदना म्हणाली. "आता उतरायचं कुठं? माझी दैवशाला त्याच गावात हाय."

राधेश्यामनं पंखा उगाच एकानं वाढवला.

दैवशाला म्हणजे वंदनाची धाकटी बहीण. तिचा नवरा कल्याण, धर्मराजचा साडू, तिकडं कंपनीत इंजिनियर. ह्या दोघांच्या लग्नात कल्याणच्या ऑफिसातल्या पोरांना फेटे बांधता बांधता फेटे संपले आणि थोरल्या जावयाच्या डोक्यावर आली टोपी. धर्मराजनं ती भर मांडवात काढून फेकली आणि ओरडला, "आजपासून ना मी तुझा उंबरा ओलांडणार, ना तू माझा!"

चार हात कापडासाठी दोन सख्ख्या बहिणी इतकी वर्षं मोबाइलच्या काचेवर एकमेकींचं तोंड बघत होत्या. असल्या मानाला चुलीत घालायचं सोडून आपण त्याला खानदान म्हणतो.

"साडूकडं न्हाई," धर्मराज म्हणाला. "पुढचं दाखव."

"तिथं लोक शर्यतीच्या मैदानातच तंबू ठोकतात, भाऊ. गाड्यांचा आवाज उशाशी."

धर्मराजचे डोळे चमकले. वंदनानं विचारलं, "आन् सकाळी?"

"सामाईक संडास हाय, वैनी. जरा रांग असते."

"हितं घरोघरी संडास झाले, आन् मी फ्रान्सात जाऊन डबा धरून उभी राहू? तंबूत न्हाई."

"मंग ही गाडी बघा. आतच पलंग, आतच चूल."

"टेम्पोत झोपायचं तर एमआयडीसीत काय वाईट हाय?"

हॉटेलं भरली होती. उरलेलं एक इतकं लांब होतं की, येण्याजाण्यातच अर्धी शर्यत संपली असती. शेवटी राधेश्याम म्हणाला, "त्या आठवड्यात गावातले लोक राहती घरं भाड्यानं देतात. हे बघा."

पहिल्या घरात कुत्रं होतं. दुसऱ्यात झोपायला शिडी चढावी लागत होती. तिसरं दिसलं मात्र, वंदना म्हणाली, "हेच!"

"अगं, पुरतं बघ तरी."

"गॅसची शेगडी हाय. त्या विजेच्या काचेवर भाकर फुगत न्हाई."

"मालक कोण हाय?" धर्मराजनं विचारलं.

"कंपनीमार्फत हाय, भाऊ. पैसे भरले की मंग पत्ता येतो." राधेश्याम हे बोलताना वंदनाकडं बघत होता.

"साडूची गाठ तर पडणार न्हाई ना?"

"त्या घरात तुम्हाला कल्याणराव दिसायचे न्हाईत," वंदना म्हणाली. "माझी गॅरंटी."

"एकदा भरलेले पैसे वापस मिळत न्हाईत, भाऊ."

"वापस मागतंय कोण? भर!"

पैसे गेले. धर्मराजची छाती फुगली. शर्यत बघायची, साडूच्या गावात बघायची आणि साडूचं पाणीसुद्धा प्यायचं न्हाई! ही गोष्ट साडूला कळली न्हाई तर मजा काय? त्या लग्नानंतर पहिल्यांदाच त्यानं कल्याणला फोन लावला आणि दुकानात सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"कल्याणराव, मी धर्मराज बोलून राह्यलो. जूनमधी तुमच्या गावाला येऊन राह्यलो, शर्यतीला!"

"या ना, साडूभाऊ! लय आनंद झाला."

"आनंदाचं काम न्हाई. तुमच्या दारात येणार न्हाई. नगद पैसा मोजून घर घेतलं. बिलकुल स्वतंत्र!"

"व्हय, आत्ताच कळलं. कंपनीचा मेसेज आल्ता."

"कोणत्या कंपनीचा?"

"शेगडीचं बटण तेवढं दाबून फिरवा, साडूभाऊ. बाकी घर आपलंच समजा."

धर्मराजनं वंदनाकडं बघितलं. वंदना भिंतीवरचा ताजमहाल बघत होती.

"आन् आमची काळजी करू नका," कल्याण सांगत होता, "तुम्ही निघाल त्याच दिवशी आम्ही विमानानं निघून जालन्यात पोचतो. वंदनाताईंनी सगळं बराबर ठरवून दिलंय. तुम्ही शर्यत बघून आलात की मंग महिनाभर सगळे सोबतच राहू. आमची चावी शेजारणीपाशी ठेवतो. तुमच्या घराची कुणापाशी ठेवताल, साडूभाऊ?"